हौदाचं व्हॅक्यूम घेताना आधी उतार बघा

आमच्या बागेतला हौद तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. पाणी दोन फूट, गुडघ्याच्या थोडं वर. डोक्यावर बदामाचं झाड. ज्यांच्या अंगणात बदाम आहे त्यांना पुढचं सांगायला नको. थंडी सरत आली की वीतभर लांब, लालबुंद, चामड्यासारखी जाड पानं पाण्यावर तरंगायला लागतात, आठवड्याभरात तळाशी जातात आणि पावसाळ्यापर्यंत त्यांचा काळा लगदा होतो.

तीन वर्षांपूर्वी मी खास अशा हौदांसाठी मिळतं तसलं व्हॅक्यूम मागवलं. 1400 वॉट. वर मोटर, खाली ड्रम, पुढे ओढायची नळी, मागे पाणी सोडायची नळी. बटण दाबलं, पारदर्शक तुकड्यातून काळं पाणी सळसळत आलं, अर्ध्या मिनिटात ड्रम भरला आणि मोटर आपोआप बंद झाली. आता ड्रम रिकामा व्हायचा आणि मशीनने पुन्हा ओढायला लागायचं, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. ड्रम काही रिकामा होईना. मी नळी झटकली, झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं. माळीमामा शेजारी कुंड्या भरत होते. त्यांनी खुरपं हातातच ठेवून एकदा मागच्या नळीकडे पाहिलं, एकदा गेटबाहेरच्या गटाराकडे.

"ताई, पाणी चढावर कसं जाईल?"

आमची बाग रस्त्यापेक्षा दोन फूट खाली आहे. पंधरा दिवस मी वेगवेगळ्या मशीनचे वॉट ताडून बघितले होते आणि वीस वर्षं डोळ्यासमोर असलेला हा चढ मात्र हिशेबात धरला नव्हता. त्या फजितीतून जे शिकले ते इथे लिहिते आहे. मशीन कोणतं घ्यावं याचं निम्मं उत्तर मशीनमध्ये नसतं, तुमच्या अंगणात असतं.

मशीन गाळ ओढत नाही

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. व्हॅक्यूम गाळ ओढत नाही, पाणी ओढतं. खरं तर पाणीही ओढत नाही. वरचा पंखा ड्रममधली हवा बाहेर फेकतो, ड्रममध्ये हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब हौदातल्या पाण्यावर बसून त्याला नळीतून वर ढकलतो. स्ट्रॉने उसाचा रस पिताना जे होतं तेच. गाळ त्या पाण्याच्या ओघात वाहून येतो, नदीच्या पुरात माती येते तसा.

हवेच्या या ढकलण्याला मर्यादा आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त साधारण 10.3 मीटर उंच चढवू शकतो. विहिरीवरचा ओढणारा पंप त्यापुढे पाणी खेचू शकत नाही, हे गॅलिलिओच्या काळातल्या पंपवाल्यांना अनुभवाने माहीत होतं. 1643 मध्ये टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून त्याचं कारण दाखवून दिलं. पण तो आकडा ड्रममध्ये पूर्ण निर्वात पोकळी झाली तर. घरगुती व्हॅक्यूमचा पंखा त्याच्या आसपासही जात नाही. तो दाब सुमारे 20 किलोपास्कलने कमी करतो आणि 20 किलोपास्कल म्हणजे पाण्याची दोन मीटरची उंची. हौदाच्या व्हॅक्यूमच्या खोक्यावर 'कमाल दोन मीटर', 'कमाल सव्वादोन मीटर' असे आकडे दिसतात ते यामुळे. दहाव्या हिश्श्याचा फरक सोडला तर सगळे तिथेच घुटमळतात. कोणी पाच मीटर सांगत असेल तर ती बहुधा नळीची लांबी असते, उंची नव्हे.

आता एक गंमत, जी बहुतेक विक्रेते सांगत नाहीत. ही दोन मीटरची उंची कुठून मोजायची? हौदाच्या तळापासून नाही. पाण्याच्या पृष्ठभागापासून मशीनच्या तोंडापर्यंत. पाण्याखाली जेवढी नळी आहे तिच्या आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकमेकांना तोलून धरतात, त्यामुळे तिथे मशीनला उचलण्याचं काम जवळजवळ नसतं. म्हणून हौद दीड मीटर खोल असला तरी काही बिघडत नाही, फक्त नळी लांब लागते. पण तेच मशीन तुम्ही हौदाच्या पातळीवर ठेवण्याऐवजी व्हरांड्यात, चार पायऱ्या वर ठेवलं तर तेवढी ताकद वाया गेली. मशीन शक्य तितकं खाली ठेवायचं. हे फुकटात होतं आणि दोनशे वॉट जास्त देऊन जेवढा फरक पडेल त्याहून जास्त पडतो.

वॉटबद्दल एवढंच की तो मोटर किती वीज खाते त्याचा आकडा आहे, किती काम करते त्याचा नाही. 1400 आणि 1700 वॉटच्या मशीनमध्ये विजेचं बिल नक्की वेगळं येईल. गाळ वेगळा निघेलच असं नाही.

पाण्याचा हिशेब

माझा हौद मोजू. 3 गुणिले 2 गुणिले 0.6, म्हणजे 3.6 घनमीटर, म्हणजे 3600 लिटर. हौदाच्या व्हॅक्यूमवर ताशी चार हजार लिटर, काहींवर त्याहूनही जास्त लिहिलेलं असतं. म्हणजे हिशेबाने मशीन तासाभरात अख्खा हौद कोरडा करेल. मासे ठेवणारे एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी काढत नाहीत, कारण अचानक पाणी बदललं तर मासे ते सोसत नाहीत. तिसरा हिस्सा म्हणजे 1200 लिटर. खोक्यावरच्या वेगाने ती 18 मिनिटं. प्रत्यक्षात उंची, नळीची लांबी आणि पानांचे अडथळे धरले तर वेग निम्म्यावर येतो, तरी पाऊण तासाच्या आत तुमचा पाण्याचा कोटा संपला.

म्हणजे लहान हौदाला जास्त लिटरचं मशीन हा गुण नाही. तुम्ही तळ निम्मासुद्धा झाडून होत नाही तोवर पाणी संपलेलं असतं. दुकानदार मात्र त्याच आकड्यावर बोट ठेवतो.

तरीही वेग अगदी कमी असून चालत नाही, कारण वाळू आणि खडी उचलायला पाण्याला जोर लागतो. ताशी चार हजार लिटर 38 मिलिमीटरच्या नळीतून गेले तर आत पाण्याचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर होतो. त्यात वाळू आरामात येते, पानाचा लगदा येतो, बारीक खडेसुद्धा येतात. तेवढंच पाणी जाड नळीतून गेलं तर वेग पडतो आणि खडे अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. बारीक नळीत वेग वाढतो, पण बदामाचं एक पान आडवं बसलं की खेळ खलास. 35 ते 40 मिलिमीटर हा मधला मार्ग मला ठीक वाटतो. त्याखाली जायचं असेल तर आधी जाळीने पानं काढून घ्यायची तयारी हवी. ती तशीही हवीच. व्हॅक्यूम हे पानं गोळा करायचं यंत्र नाही.

मोठा आणि छोटा हौद यांची सरमिसळ करू नका. शेततळं म्हणजे 30 बाय 30 मीटर आणि तीन मीटर खोल, असं काही असेल तर त्यात वीस लाख लिटरच्या आसपास पाणी बसतं. तिथे हे मशीन म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. आणि बाल्कनीतल्या टबातलं कमळ असेल तर मशीनचा विचारच करू नका, एक मग आणि बादली पुरे.

काठी आणि काचेची बरणी

विकत घेण्याआधी दोन तपासण्या करा. दोन्हींना खर्च नाही.

पहिली, एक पांढरा पीव्हीसी पाइप तळाला टेकेपर्यंत हळूच खाली सोडा, मग थोडा दाबून कडक तळापर्यंत न्या. काळा डाग किती उंच आला ते बघा. हे चार-पाच ठिकाणी करा. दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर व्हॅक्यूमची गरज नाही, मऊ जाळी आणि थोडा संयम एवढ्यावर भागतं. वीतभर असेल तर व्हॅक्यूमने ते होणार नाही. मासे टबात हलवा, हौद रिकामा करा, घमेलं आणि फावडं घ्या. एकदा ते झालं की पुढच्या वर्षीपासून मशीनचा उपयोग सुरू होतो. मी पहिल्या वर्षी उलट केलं होतं, पाच वर्षांचा गाळ मशीनने काढायला गेले होते.

दुसरी, तळाचा थोडा गाळ काचेच्या बरणीत घ्या, वरपर्यंत पाणी घाला, हलवा आणि ओट्यावर ठेवून द्या. मिनिटाभरात जे खाली बसलं ती वाळू. तासाभरात बसलं ती बारीक माती. दुसऱ्या दिवशीही पाणी चहासारखं गढूळ असेल तर तुमच्या हौदात अतिबारीक चिकणमाती किंवा कुजलेल्या पानांचा चुरा जास्त आहे. याचा मशीनशी संबंध असा की बऱ्याच मशीनबरोबर मागच्या नळीला बांधायची एक जाळीची पिशवी येते. गाळ पिशवीत अडतो, पाणी परत हौदात, पाण्याची बचत, अशी तिची जाहिरात. पहिल्या मिनिटात सगळं खाली बसणारी बरणी असेल तर पिशवी छान चालते. चहा होत असेल तर पिशवीतून तोच चहा हौदात परत जातो. शिवाय पाण्यात विरघळलेलं खत, ज्यावर शेवाळ पोसतं, ते कोणतीच पिशवी अडवत नाही. बागेला पाणी लागतंच, मग ते हौदात परत कशाला?

कोणत्या जातीचं मशीन

सगळ्यात स्वस्त मशीन म्हणजे मशीन नसणं. तुमचा हौद बागेच्या वरच्या टप्प्यावर असेल, कोकणातल्या टप्प्याटप्प्यांच्या वाडीत किंवा डोंगरउतारावरच्या घरी असतो तसा, तर एक इंची पाइप पुरतो. पाइप पाण्याने भरायचा, एक टोक हौदाच्या तळाशी, दुसरं खालच्या टप्प्यावर. खालचं टोक हौदाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा एक मीटर खाली असेल आणि पाइप दहा मीटर लांब असेल तर ताशी दोन हजार लिटरच्या आसपास पाणी सहज निघतं. निम्म्या मशीनएवढं काम, वीज शून्य, आवाज शून्य. पाइप तोंडाने ओढून सुरू करू नका, गाडीतलं पेट्रोल काढतात तसं. ते पाणी तोंडात जाणं चांगलं नाही. नळाला जोडून भरा, टोकावर अंगठा ठेवा, पाण्याखाली नेऊन सोडा.

नळाच्या दाबावर चालणारं एक साधन मिळतं. बागेचा पाइप त्याला जोडायचा, आत पाणी एका बारीक तोटीतून जोरात सुटतं आणि आपल्याबरोबर तळाचा गाळ खेचून नेतं. वीज पाण्याजवळ येत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू. परदेशातल्या लेखांत त्याचं कौतुक भरपूर आहे, कारण तिथे बऱ्याच घरांत नळाला थेट चांगला दाब असतो. आपल्याकडे पाणी येतं ते गच्चीवरच्या टाकीतून. दहा मीटर उंचीला एक किलो दाब, हे प्लंबर सांगतात ते बरोबर आहे. दोन मजली बंगल्याची टाकी जमिनीपासून सहा-सात मीटर वर, म्हणजे अर्धा-पाऊण किलो. तेवढ्यात ते साधन नुसतं गुळण्या करतं. घरात प्रेशर पंप असेल तरच त्याच्या वाटेला जा. आणि गाळाबरोबर नळाचं चांगलं पाणीही जातं, हे विसरू नका.

गाडी धुणारे वापरतात तो वेट अँड ड्राय व्हॅक्यूम घरात असेल तर आधी त्यावर एकदा हात मारून बघा. तत्त्व तेच आहे. पण वीस लिटरचा ड्रम अर्ध्या मिनिटात भरतो, आतला फ्लोट वर येतो, ओढणं थांबतं, आणि मग वीस किलो पाणी अधिक मशीनचं वजन तुम्ही उचलून ओतायचं. 1200 लिटर काढायचे तर साठ फेऱ्या. माझ्या पाठीला सहाव्या फेरीला उत्तर मिळालं. काही मशीनला तळाशी बूच असतं, ते असेल तर थोडं सुसह्य होतं.

त्यावरची पायरी म्हणजे मी घेतलं होतं ते, एका कप्प्याचं. भरतं, थांबतं, आपोआप रिकामं होतं, पुन्हा सुरू. रिकामं व्हायला जवळजवळ भरण्याइतकाच वेळ जातो, म्हणजे निम्मा वेळ तुम्ही नळी धरून उभे. हे चिडायचं कारण वाटतं, पण माझ्याएवढ्या हौदाला त्याचा फायदाच होतो. उडालेला गाळ तेवढ्यात खाली बसतो आणि पाण्याचा कोटा हळू संपतो. दोन कप्प्यांच्या मशीनमध्ये एक भरत असताना दुसरा रिकामा होतो, ओढणं थांबत नाही. दहा-पंधरा हजार लिटरचा हौद असेल तर ते घ्यावं. त्यात कप्पे बदलणाऱ्या झडपा असतात, त्यांच्या रबरात एखादी काडी अडकली की हवा गळते आणि मशीन ओढत नाही. मशीन बिघडलं म्हणून धावपळ करण्याआधी त्या झडपा पुसून बघायच्या.

आणि आता तो चढ. या दोन्ही प्रकारांत ड्रम रिकामा होतो तो केवळ गुरुत्वाकर्षणाने. मागच्या नळीचं टोक ड्रमच्या तळापेक्षा खाली हवं, मध्ये कुठेही उंचवटा नको. ज्यांची बाग खोलगट आहे, त्यांनी एकतर बाहेर टाकायचा पंप आतच बसवलेलं मशीन घ्यावं, किंवा पाणी चढावर न्यायचंच नाही असं ठरवावं. असा पंप असलेली मशीन बरीच महाग पडतात. त्यामुळे आधी मोजून घ्या. गवंड्याकडे लेव्हल ट्यूब असते, पाणी भरलेली पारदर्शक नळी. तिचं एक टोक हौदाच्या काठाशी, दुसरं जिथे पाणी सोडायचं तिथे धरा. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं, त्यावरून कोणती जागा किती खाली आहे ते पाच मिनिटांत कळतं. डोळ्यावर विश्वास ठेवू नका. मला आमची बाग सपाट वाटत होती.

मड पंप म्हणतात ती चिखलाची सबमर्सिबल मोटर हा वेगळाच प्राणी. ती ओढत नाही, ढकलते, त्यामुळे सहा-सात मीटर चढावर पाणी नेणं तिला जड नाही. दुकानात सहज मिळते, दुरुस्तही होते. पण ती एका जागी खड्डा करते, तळ झाडत नाही. आणि ती स्वतः पाण्यात असते, वीजही. सगळा हौद रिकामा करायचा असेल तेव्हा उत्तम, दर वर्षीच्या सफाईला नाही.

विजेचं काय

इथे कंजुषी नको. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, तिथे पाणी बादलीभरच असतं.

1400 वॉटचं मशीन 230 व्होल्टला सहा अँपियरपेक्षा थोडी जास्त वीज घेतं. म्हणजे टीव्हीचा साधा सहा अँपियरचा प्लग पुरत नाही, गिझरचा असतो तसला 16 अँपियरचा पॉवर पॉइंट हवा. एक्स्टेन्शन बोर्डही त्याच ताकदीचा, दीड चौरस मिलिमीटरहून बारीक तार नको, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून. त्या सर्किटवर 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी हवाच. तो वीज गळताच क्षणार्धात पुरवठा तोडतो, नेहमीचा एमसीबी ते काम करत नाही. आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण दाबून तो पडतो ना ते बघा. मशीन काठापासून किमान दोन मीटर दूर, सपाट जागी. मशीन चालू असताना पाण्यात कोणीही उतरायचं नाही, माळीमामाही नाहीत आणि चेंडू आणायला आलेलं शेजारचं पोरही नाही.

मशीनवर 'आयपी' अक्षरांनंतर आकडे असतात, त्यातला दुसरा पाण्याचा. 4 म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालेल. 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल. 8 म्हणजे सतत पाण्यात राहू शकेल. हौदाच्या व्हॅक्यूमवर बहुधा 4 असतं, म्हणजे ते पाण्यात पडलं तर संपलं. तुम्ही नाही संपलात, तर तो आरसीसीबीचा उपकार.

अमेरिकेतून मुलगा येताना घेऊन येतो असं म्हणाला तर त्याला नको म्हणा. तिथली वीज 120 व्होल्टची, आपल्याकडे ते मशीन लावताक्षणी जळेल, आणि एवढ्या वॉटचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच मशीनइतका जड आणि महाग. जर्मनीतून किंवा इंग्लंडमधून आलेलं चालतं, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ दोन्हीकडे सारखेच, फक्त प्लग बदलायचा. पण झडपेचं रबर, नळीची क्लिप, मोटरचे कार्बन ब्रश असे सुटे भाग इथे मिळणार आहेत का, हे आधी विचारायचं. दोन वर्षांनी मशीन अडतं ते मोटरमुळे नाही, चाळीस रुपयांच्या रबरामुळे.

कधी, आणि किती

परदेशी सल्ला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानगळीनंतर तळं साफ करा असा असतो. आपली पानगळ तेव्हा नसते. बदाम, पिंपळ, कडुनिंब यांची पानं माघ-फाल्गुनात झडतात. त्या दिवसांत हौदावर जाळी ताणून ठेवली तर निम्मा गाळ मुळात तयारच होत नाही. हे मी शेवटी शिकले, पहिल्यांदा शिकायला हवं होतं. व्हॅक्यूम मात्र पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या मध्ये. वाहून आलेली माती तेव्हा तळाशी बसलेली असते, विहिरीला पाणी असतं आणि हौद पुन्हा भरणं जिवावर येत नाही. एप्रिल-मेमध्ये, टँकरच्या दिवसांत, मशीनला हातही लावू नये. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. 20 अंशांना लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. त्यात तळ ढवळला की कुजका गाळ उरलासुरला प्राणवायू खातो.

दिवसातली वेळ सकाळी नऊ-दहाची. पहाटे नको, रात्रभर वनस्पती आणि मासे दोघंही प्राणवायू वापरत असतात, उजाडताना तो सगळ्यात कमी असतो. थोडं ऊन पडू द्यावं. शिवाय रविवारी सकाळी सातला हे मशीन लावलं तर शेजारी काय बोलतील ते ऐकावं लागतं.

तळाचा काळा थर ढवळल्यावर कुजक्या अंड्याचा वास आला तर थांबा. तो हायड्रोजन सल्फाइड, प्राणवायू पोचत नाही अशा गाळात तयार होतो आणि माशांना विष आहे. अशा जागी नळीचं तोंड गाळात खुपसायचं नाही, वरून वरून, सावकाश, कुल्फी खरवडावी तसं. एका दिवशी तळाचा तिसरा हिस्सा करा. उरलेला पंधरा दिवसांनी. फिल्टर असेल तर तो त्याच दिवशी धुवू नका. माशांच्या विष्ठेतला अमोनिया मोडणारे जीवाणू तळाच्या थरात आणि फिल्टरच्या स्पंजात राहतात, दोन्ही घरं एकदम उठवली तर पुढचे काही दिवस अमोनिया साठत जातो.

कमळाचे कंद गाळातच असतात, तिथे नळी नेऊ नका. पुढच्या वेळी कमळं टोपलीत किंवा रुंद कुंडीत लावून हौदात ठेवा, उचलून बाजूला करता येतात. प्लास्टिकचा कागद घातलेला हौद असेल तर तोंडाला मऊ रबराची कड असलेलाच जोड घ्या. हातात मोजे आणि पायात गमबूट हवेत. उंदीर-घुशींचा वावर असलेल्या ठिकाणी जखमेतून लेप्टो (उंदरांमुळे पसरणारा तापाचा आजार) शिरतो, आणि बागेत घूस नाही असं कोण छातीठोकपणे म्हणेल?

पाणी भरताना महापालिकेचं असेल तर आदल्या दिवशी उघड्या पिंपात काढून ठेवा, क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात हायपो (सोडियम थायोसल्फेट) मिळतं, ते क्लोरीन मारतं.

आमच्या हौदात गप्पी मासे आहेत, डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवताप विभाग वाटतो तेच. बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे. 38 मिलिमीटरच्या नळीतून ते बिनबोभाट जातात, आणि पहिल्या वर्षी किती गेले ते मला कळलंही नाही. आता मागच्या नळीचं टोक माळीमामा जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधतात आणि तो तुकडा एका टबात बुडवून ठेवतात. टब बागेच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, नारळाच्या आळ्याशेजारी. लेव्हल ट्यूबने मोजलेला एकमेव उतार तिथे निघाला. टब भरून पाणी आळ्यात सांडतं, मासे मच्छरदाणीत राहतात, आणि मामा दर दहा मिनिटांनी ते ओंजळीत घेऊन हौदात सोडून येतात. मशीन तेच आहे, तीन वर्षांपूर्वीचं. दोन फूट चढ चढून गटारापर्यंत ते अजूनही जात नाही.